जीएम टाळायचंय? पाकीट उलटं करा

पुढे ठळक छापलेल्या 'नॅचरल'वर भुलू नका. त्यावरून जीएमबद्दल, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांबद्दल, काहीच कळत नाही. मागची घटकांची यादी वाचा. जीएम पिकं तशी मोजकीच: मुख्यतः सोयाबीन, मका, कॅनोला, सरकी, शुगर बीट. पण ती पाकिटात येतात दुसऱ्याच नावांनी. लेसिथिन बहुधा सोयाबीनचं, माल्टोडेक्स्ट्रिन आणि डेक्स्ट्रोज बऱ्याचदा मक्याचं. नुसतं 'वनस्पती तेल' लिहिलं असेल तर कशाचं, देव जाणे! अशी नावं दिसली की प्रमाणित सेंद्रिय शिक्का शोधा. त्या शेतीत जीएम बियाण्याला मनाई असते. मिठावर 'नॉन-जीएमओ' (जीएम नसलेलं) छापलंय म्हणून मात्र जादा पैसे मोजू नका. मिठात जनुकंच नसतात, बदलणार काय?