सर्व्हिसच्या नावावरून पोर्ट काढताना बाइट एकदाच उलटायचे

सी भाषा येते, सॉकेट उघडता येतं, असं धरून चालतो.

आधी /ईटीसी/सर्व्हिसेस या फाइलमध्ये तुमच्या सर्व्हिसची ओळ टाका: नाव, मोकळी जागा, मग 7010/टीसीपी. गेटएंट सर्व्हिसेस ही कमांड त्या नावासकट चालवून ओळ सापडते का ते बघा. सापडली म्हणजे सर्व्हर चालू आहे असं नव्हे. ही फक्त नावांची वही आहे.

मग नेटडीबी हेडर घ्या आणि नावावरून पोर्ट शोधणाऱ्या गेटसर्व्हबायनेम या फंक्शनला नाव आणि 'टीसीपी' द्या. टीसीपी लहान अक्षरांत. नाव नसेल तर नल मिळतो, तो तपासा. न तपासता उत्तरातल्या एस_पोर्टला, म्हणजे पोर्टचा आकडा असलेल्या खान्याला, हात लावला की प्रोग्राम जागीच कोसळतो.

खरी गोची एस_पोर्टमध्ये आहे. तो इंट आहे म्हणून साधा आकडा वाटतो, पण आतले बाइट आधीच नेटवर्कच्या क्रमाने, म्हणजे मोठा बाइट आधी, लावलेले असतात. 7010 म्हणजे 27 गुणिले 256 अधिक 98. आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर एस_पोर्ट थेट छापलात तर ते दोन बाइट उलटे वाचले जातात: 98 गुणिले 256 अधिक 27, म्हणजे 25115. छापायचा असेल तर एनटीओएचएसमधून काढा, ते नेटवर्कचा क्रम मशीनच्या क्रमात बदलतं. सॉकेटच्या पत्त्यात भरायचा असेल तर आहे तसा भरा. त्यावर पुन्हा एचटीओएनएस, म्हणजे मशीनचा क्रम नेटवर्कच्या क्रमात बदलणारं फंक्शन, लावायचं नाही. "खबरदारी म्हणून लावून ठेवा" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

मी ऐकलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान पाठवणारा प्रोग्राम लिहीत होतो. राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत सर्व्हर आणि क्लायंट नाद खुळा चालले. चालणारच, कारण दोन्हीकडे तीच चूक होती आणि दोघं गुपचूप 25115 वर भेटत होते. साइटवर फायरवॉलने फक्त 7010 सोडलेला, त्यामुळे क्लायंट नुसता ताटकळत बसला. अर्धा दिवस मी केबल आणि स्विचला शिव्या घातल्या. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, एसएस -एलटीएन मारून बघूया की." कुठले पोर्ट ऐकताहेत ते दाखवणारी ही कमांड मारली, आणि समोर 25115! म्हणून सांगतो, प्रोग्राम चालला एवढ्यावर थांबू नका, सर्व्हर कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते डोळ्यांनी बघा.

उलट दिशेने, पोर्टवरून नाव शोधणाऱ्या गेटसर्व्हबायपोर्टला मात्र आकडा एचटीओएनएसमधून काढूनच द्यायचा. नुसता 80 दिलात तर ते 20480 चं नाव शोधत बसतं.

मिळालेला पोर्ट लगेच स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. पुढच्या कॉलमध्ये तीच जागा पुसली जाऊ शकते. प्रोग्राममध्ये थ्रेड असतील तर ही दोन्ही फंक्शनं नकोतच.

नवीन कोड लिहिताय? मग सरळ गेटअॅड्रइन्फो वापरा. होस्ट आणि सर्व्हिसचं नाव एकदमच द्या, पोर्ट योग्य क्रमाने पत्त्यात भरूनच येतो. काम झालं की फ्रीअॅड्रइन्फोने ती जागा मोकळी करा.

डेबियनच्या छाटलेल्या कंटेनर इमेजमध्ये /ईटीसी/सर्व्हिसेस बहुधा नसतेच. तिथे एचटीटीपीसुद्धा सापडला नाही तर कोड उचकटू नका, नेटबेस पॅकेज टाका.