आधी आठवडी बाजार, मग किल्ला

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड-सोयगाव पट्ट्यातले अंतूर, सुतोंडा हे कमी गर्दीचे किल्ले बघायचे तर जवळच्या गावचा आठवडी बाजार असेल तोच दिवस धरा. भज्यांच्या गाड्यावर आधी कढईत डोकवा. तेल काळं, फेसाळलेलं दिसलं की पुढं चला. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ, मिळाली तर गरमच खा, गार झाली की चिवट लागते.

वाट बाजारातच विचारा. ‘किती लांब’ विचारून उपयोग नाही, ‘ढोरं कुठून चढतात, पाणी कुठंय’ असं विचारा. ढोरवाटा फुटतात, झुडपात विरतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागं वळून फोटो काढा, परतताना तोच कामी येतो. माणशी ३ लिटर पाणी घ्या. उतरताना सुट्या मुरमावर पाय आडवा टाका.