जुन्या लॅपटॉपचं व्होल्टेज उतरवताना: लिनक्स आणि पीएचसी पॅच

प्रोसेसर कारखान्यातून निघतो तेव्हा त्याचं व्होल्टेज मुद्दाम थोडं चढं ठेवलेलं असतं. त्या जातीची सगळ्यात कमकुवत चिपसुद्धा बिनबोभाट चालली पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. तुमच्या लॅपटॉपमधली चिप बहुधा त्याहून बरी असते, आणि ते जास्तीचं व्होल्टेज नुसती उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर जातं. ते उतरवलं तर वेग तसूभरही कमी होत नाही, कारण फ्रिक्वेन्सीला आपण हात लावत नाही.

लिनक्समध्ये हे काम ‘लिनक्स-पीएचसी’ नावाचा पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये घालायचा बदल, करतो. कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ या प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये तो व्होल्टेज बदलण्याची सोय घालतो. चालतो मात्र जुन्या प्रोसेसरांवरच: पेंटियम एम, कोअर, कोअर २ आणि काही अ‍ॅटम. म्हणून आधी ‘एलएससीपीयू’ ही कमांड देऊन प्रोसेसर कोणता ते पाहा. कोअर आय मालिकेतला असेल तर पीएचसीचा उपयोग नाही. हॅसवेल, म्हणजे २०१३ पासूनच्या इंटेल चिपांमध्ये वेगळ्या वाटेने हे करता येत असे. पण डिसेंबर २०१९ मध्ये व्होल्टेज उतरवून चिपमधली गुपितं काढणारा ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला उघड झाला आणि अनेक लॅपटॉपांत बायॉस अपडेटने ती वाट बंद झाली.

पॅच दोन प्रकारे बसतो. अख्खा कर्नेल पॅच करून बांधायचा, किंवा ‘पीएचसी-इंटेल’ हे मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला वेगळा जोडता येणारा तुकडा, डीकेएमएस या साधनामार्फत बांधून घ्यायचं. मी दुसरा मार्ग सुचवेन. कर्नेल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधलं जातं. तुमच्या कर्नेलच्या आवृत्तीशी जुळणारीच प्रत घ्या. मूळ ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून असेल तर तो ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे लोड होऊ देऊ नका, आणि त्याच्या जागी पीएचसी-इंटेल लोड करा. तो कर्नेलमध्येच पक्का बांधलेला असेल, तर मात्र सेटिंग बदलून कर्नेल पुन्हा बांधावा लागतो. कर्नेल अपडेटनंतर मॉड्यूल बांधलं गेलं नाही आणि मूळ ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्येच राहिला, तर प्रोसेसर एकाच वेगावर अडकतो. अपडेटनंतर लॅपटॉप अचानक मंदावला तर आधी इथे बघा.

मॉड्यूल लोड झालं की सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नेलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या ‘/sys’ फोल्डरात, त्या सीपीयूच्या ‘सीपीयूफ्रेक’ फोल्डरात ‘पीएचसी’ने सुरू होणाऱ्या फाइली दिसतात. त्यातली ‘पीएचसी_डिफॉल्ट_व्हिड्स’ वाचा. तिच्यात प्रत्येक वेगाचा मूळ व्हिड, म्हणजे व्होल्टेजचा सांकेतिक आकडा, असतो. ते आकडे कागदावर उतरवून ठेवा. १.६ गिगाहर्ट्‌झचा पहिल्या पिढीचा पेंटियम एम, म्हणजे २००३ चा बॅनियस, घेऊ. त्याचे आकडे वरच्या वेगाकडून खाली असे येतात: ४९, ४५, ३६, २९, २१, १६. पेंटियम एममध्ये व्हिडला १६ ने गुणून ७०० मिळवले की मिलीव्होल्ट मिळतात. म्हणजे १६०० मेगाहर्ट्‌झला १४८४ मिलीव्होल्ट, ६०० ला ९५६. कोअर २ ड्युओमध्ये एक पायरी १६ ऐवजी १२.५ मिलीव्होल्टची असते.

समजा ४९ चे ३४ झाले. व्होल्टेज १२४४ वर येतं. वेग तोच असताना चिप कामात खर्च करते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती जवळपास ३० टक्क्यांनी घटते. जुन्या लॅपटॉपच्या चिमुकल्या पंख्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता खरं काम. सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्या. शक्य असेल तर चाचणी पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्समधून करा. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, धोका डेटाला असतो. गव्हर्नर, म्हणजे वेग कधी किती ठेवायचा हे ठरवणारी सेटिंग, ‘यूजरस्पेस’ करून वेग एका जागी रोवा. मग फक्त त्या वेगाचा आकडा एकाने कमी करून पूर्ण यादी ‘पीएचसी_व्हिड्स’मध्ये लिहा. दोन कोअर असतील तर दोन्हींना तीच यादी द्या. प्रत्येक बदलाआधी ‘सिंक’ ही राहिलेला डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड द्यायला विसरू नका. त्यानंतर ‘एमप्राइम’ची टॉर्चर चाचणी अर्धा तास चालू ठेवा. ती गणितं करून उत्तरं पडताळते, आणि नेमकं तेच आपल्याला हवं आहे. लॅपटॉप गोठला तर निदान कळतं. चुकीचं उत्तर काढून मुकाट चालत राहिला तर फाइली खराब होईपर्यंत पत्ता लागत नाही.

चूक निघाली किंवा मशीन गोठलं की ती सीमा. बटण दाबून बंद करा. पुन्हा सुरू झाल्यावर मूळ व्होल्टेज परत आलेलं असतं. सीमेपासून तीन पायऱ्या वर या आणि तिथे रात्रभर चाचणी चालवा. हीच कसरत प्रत्येक वेगासाठी करावी लागते. खालच्या वेगांना कंटाळून अंदाजाने आकडे टाकू नका, कारण लॅपटॉप बहुतेक वेळ तिथेच असतो.

एवढं झाल्यावरही आकडे लगेच कायमचे करू नका. आठवडाभर रोज हाताने लिहा, नेहमीची कामं करा, झोपवून उठवल्यावर आकडे टिकलेत का ते तपासा. मगच सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, छोट्या सर्व्हिसमधून बूटच्या वेळी लिहायची व्यवस्था करा. आणि जानेवारीत ठरवलेले आकडे मे महिन्यातल्या दुपारी, पंख्याखाली न बसता, एकदा पुन्हा चाचणीला लावा. गरम चिपला थोडी जास्त मोकळीक लागली, तर त्या वेगाचा आकडा एकाने वाढवा.