चालू उपप्रक्रियेशी पाइपमधून संवाद

पायथनमधून लिनक्सवरील 'बीसी' हा गणकयंत्राचा प्रोग्राम सुरू ठेवून त्याला एकामागून एक प्रश्न विचारायचे असतील, तर दुसरा प्रोग्राम उपप्रक्रिया म्हणून चालवणाऱ्या 'सबप्रोसेस' मॉड्यूलमधील 'पीओपन' वापरावे आणि इनपुट व आउटपुट या दोन्हींसाठी पाइप, म्हणजे दोन प्रोग्रामांमधील माहितीची वाहिनी, मागावा; मजकूर बाइटऐवजी अक्षरांत हवा असल्यास 'टेक्स्ट' हा पर्याय चालू करावा. 'कम्युनिकेट' ही पद्धत मात्र येथे उपयोगाची नाही, कारण ती इनपुट बंद करून प्रक्रिया संपेपर्यंत थांबते.

प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ लिहावी, लगेच 'फ्लश' करावे, म्हणजे साठलेला मजकूर पुढे पाठवावा, आणि मगच उत्तराची एक ओळ वाचावी. फ्लश विसरल्यास प्रश्न आपल्याच बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतो आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसतात.

खरी डोकेदुखी पलीकडच्या, म्हणजे उपप्रक्रियेच्या, बफरची असते. आउटपुट टर्मिनलकडे जात नसल्याचे दिसताच सी भाषेतील बहुतेक प्रोग्राम ओळीगणिक न लिहिता बफर भरल्यावरच लिहितात. त्यावर बफरची पद्धत बदलणारी 'एसटीडीबफ' ही आज्ञा पुष्कळदा चालते, आणि उपप्रक्रिया पायथनचीच असेल तर तिला आउटपुट बफरमध्ये न साठवण्याचा उणे-यू (-u) हा पर्याय द्यावा. एवढ्यानेही भागले नाही, तर आभासी टर्मिनल वापरणारे 'पीएक्स्पेक्ट' हे पायथन मॉड्यूल घ्यावे.

त्रुटींच्या प्रवाहासाठी वेगळा पाइप मागितल्यास तो स्वतंत्र थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या कामात, वाचत राहावे. लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा ६५,५३६ बाइट असते आणि ती भरली की उपप्रक्रिया निमूटपणे अडकते. काम झाल्यावर इनपुट बंद करून 'वेट' करावे, म्हणजे उपप्रक्रिया संपेपर्यंत थांबावे.