लोकसभा निवडणूक समजावून सांगणारी ॲनिमेटेड चित्रफीत कशी आखावी

लोकसभा निवडणुकीवर दोन मिनिटांची ॲनिमेटेड चित्रफीत करायची ठरली की मतदार नोंदणीपासून शपथविधीपर्यंत सगळेच तिच्यात कोंबण्याचा मोह होतो. तो पहिल्याच बैठकीत आवरावा. ‘मतदान केंद्रात नेमके काय होते?’ हा एक विषय आहे आणि ‘543 जागांमधून सरकार कसे बनते?’ हा दुसरा, तेव्हा दोन्हींसाठी स्वतंत्र चित्रफिती कराव्यात. चित्रांना हात घालण्यापूर्वी संहिता पक्की करावी आणि ती सुमारे अडीचशे शब्दांत बसवावी. मजकूर वाढला तर तो कापावा, निवेदकाला घाई करायला लावू नये.

मतदान केंद्राच्या चित्रफितीत क्रमाला महत्त्व आहे. पहिला मतदान अधिकारी यादीतले नाव आणि ओळखपत्र तपासतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, सही घेतो आणि चिठ्ठी देतो, तर तिसरा ती चिठ्ठी घेऊन मतदान यंत्राच्या आपल्याकडील भागावरचे, म्हणजे कंट्रोल युनिटवरील बटण दाबतो, आणि तेव्हाच यंत्र एका मतासाठी खुले होते. हा तिसरा टप्पा गाळू नये, कारण एकच मतदार पुन्हा पुन्हा बटण दाबून अनेक मते का देऊ शकत नाही, याचे उत्तर तिथेच मिळते. त्यानंतर मतदाराने उमेदवारापुढचे बटण दाबले की व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेआड उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी 7 सेकंद दिसते. पडद्यावरही ती पूर्ण 7 सेकंद ठेवावी आणि तेवढा वेळ निवेदन थांबवावे. आपले मत पडताळून पाहण्यासाठी किती अवधी मिळतो, हे त्यामुळे न सांगता कळते.

सर्वाधिक काळजी मात्र चित्रांच्या निःपक्षपातीपणाची घ्यावी लागते, आणि माझ्या मते कामाचा निम्मा वेळ यावर गेला तरी तो सार्थकी लागतो. वेळ दाखवायला घड्याळ, उजेडासाठी मशाल, प्रवासासाठी रेल्वे इंजिन, शाई दाखवायला उघडा पंजा, सजावटीला कमळ ही चित्रे सहज सुचतात, पण महाराष्ट्रातला मतदार ती पक्षांची चिन्हे म्हणूनच वाचतो. म्हणून वेळ आकड्यांत लिहावी आणि शाईसाठी मिटलेल्या मुठीतून वर आलेली तर्जनी काढावी. यंत्रावरील काल्पनिक उमेदवारांना क, ख, ग म्हणावे आणि त्यांच्यापुढे साधे त्रिकोण-चौकोन ठेवावेत, कारण अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांत गॅस सिलिंडर, शिट्टी अशा रोजच्या वस्तूही असतात. भगवा, हिरवा आणि निळा हे रंग मुख्य रंग म्हणून टाळावेत. शाईचा जांभळा आणि राखाडी एवढ्यावर उत्तम भागते.

जागांच्या चित्रफितीत नकाशा जपून वापरावा. क्षेत्रफळाने राजस्थान सर्वात मोठे राज्य असले तरी तिथे 25 जागा आहेत, महाराष्ट्रात 48 आणि उत्तर प्रदेशात 80. नकाशा रंगवत गेल्यास विस्तीर्ण, विरळ वस्तीचे मतदारसंघ डोळ्यांत भरतात आणि मुंबईच्या 6 जागा ठिपक्याएवढ्या उरतात. त्याऐवजी 543 सारखे ठिपके मांडावेत आणि 272 व्या ठिपक्यापाशी बहुमताची रेघ ओढावी. एका मतदारसंघाचा निकाल दाखवताना 40, 35 आणि 25 अशा मतांचे उदाहरण घेतले, तर निम्म्याहून कमी मते मिळूनही उमेदवार निवडून येतो, हे एका दृश्यात समजते. ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, सर्वाधिक मते मिळाली तरी लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवारांपैकी सर्वात पुढे असलेलाच विजयी होतो, हेही इथेच सांगून टाकावे.

देवनागरी अक्षरे एकेक करून पडद्यावर आणू नयेत. वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे सुटी पडतात, म्हणून पूर्ण शब्दच एकत्र हलवावा. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी उपशीर्षके द्यावीत. तारखा आणि टप्प्यांची संख्या निवेदनात न घेता वेगळ्या थरातील मजकुरात ठेवावी. 2024 मध्ये देशात 7 आणि महाराष्ट्रात 5 टप्प्यांत मतदान झाले. पुढच्या वेळी हे आकडे बदलले, तर ध्वनिमुद्रण पुन्हा न करता तेवढाच थर बदलता येतो.