वॉर्डात फिरवायचा स्वस्त लॅपटॉप कसा निवडावा

रुग्णालयात रुग्णाच्या कॉटजवळ उभे राहून टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट (पोटात गेलेले व बाहेर पडलेले द्रव) आणि औषधांच्या नोंदी भरायला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. जुनी हार्ड डिस्क असलेले मशीन मात्र घेऊ नका, ट्रॉलीच्या धक्क्यांनी ती लवकर खराब होते. कोकणात पैसा घालायचा तो बॅटरीवर आणि दमट हवेत टिकणाऱ्या बांधणीवर.

आधी मोजणी करा. एका पाळीत जितक्या सिस्टर-ब्रदर कॉटपाशी काम करतात तितके लॅपटॉप, वर एक राखीव. ३० कॉटच्या वॉर्डात पाळीला चौघी असतील तर पाच. टॅबलेट स्वस्त पडतो, पण काचेवर टाइप करून लांब नोंद लिहिणे जिवावर येते, आणि ओल्या ग्लोव्हजने टच नीट चालत नाही. फक्त आकडेच भरायचे असतील तर टॅबलेट चालेल.

नवा परवडत नसेल तर कंपन्यांमधून आलेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकायला काढलेला, बिझनेस लॅपटॉप घ्या. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. त्याआधीच्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. थिंकपॅड टी४८० सारख्या मॉडेलमध्ये आत एक आणि मागे काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या असतात. मागची बदलताना मशीन बंद करावे लागत नाही. महावितरणची लाइन पावसात कितीदा जाते हे माहीत असलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. 'फुल चार्ज'चा (आता मावणाऱ्या चार्जचा) आकडा 'डिझाइन'च्या (नव्या बॅटरीच्या क्षमतेच्या) ८० टक्क्यांखाली असेल तर भाव पाडा किंवा नवी बॅटरी घालून मागा. हिशोब सोपा आहे: ५० वॉट-तासांची बॅटरी ८० टक्क्यांवर आली म्हणजे उरले ४०, मशीन ८ वॉट खात असेल तर पाच तास. सहा तासांच्या पाळीलाही ते अपुरे, बारा तासांच्या नाइटची गोष्टच सोडा. कीबोर्ड, बिजागरी आणि प्रत्येक पोर्ट हाताने तपासा. पोर्टमध्ये हिरवट गंज दिसला तर ते मशीन तिथेच ठेवा. पक्के बिल घ्या, वॉरंटीचे मशीन दुरुस्तीला कोल्हापूरला जाणार की मुंबईला हेही विचारा. कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात दरड आली की राखीव लॅपटॉपच कामाला येतो.

पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मशीन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसायचे. थेट स्प्रे मारू नये, द्रव कीबोर्डखाली उतरतो. फरशी पुसायचे हायपोक्लोराइट तर अजिबात नको, त्याने बिजागरीचे स्क्रू गंजतात. स्क्रीनवर अल्कोहोल चालते का, हे मात्र त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत बघा.

एसी आयसीयूतून थंडगार मशीन आणून दमट वॉर्डात लगेच उघडले की आतबाहेर पाणी धरते. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. राखीव मशीन साधारण अर्धे चार्ज करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला.

वायफायचे दुखणे वेगळेच. जांभ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार खातात. शेवटच्या कोपऱ्यातल्या कॉटपाशी नोंद 'सेव्ह' होत नाही, आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. तिथे वॉर्डातच आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारा डबा) बसवावा.

लॉगिन प्रत्येकीचे स्वतंत्र हवे आणि दोन-तीन मिनिटांत स्क्रीन आपोआप लॉक व्हायला हवी. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. एकच लॅपटॉप आणून आठवडाभर नाइटच्या सिस्टरांकडे द्या आणि सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीकडे काम सोपवताना) बॅटरी किती टक्के उरली, कोणत्या कॉटपाशी नेट गेले, एवढे दोनच प्रश्न विचारा. बाकीचे चार कसे घ्यायचे ते त्यांच्या उत्तरांवरून ठरवा.