डॅशहाउंड येण्याआधी घर कसं तयार ठेवाल?

पिल्लाचं नाव काय ठेवायचं यावर घरात आठ-आठ दिवस वाद चालतो आणि जिन्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. डॅशहाउंड आणणार असाल तर आधी जिना बघा. बॅजर नावाच्या प्राण्याला त्याच्या बिळात शिरून गाठायचं, या कामासाठी जर्मनीत ही लांब पाठीची, आखूड पायांची कुत्र्याची जात तयार झाली. बिळासाठी ते अंग झकास आहे, दिवाणावरून उड्या मारायला अजिबात नाही. ज्या जनुकीय बदलाने पाय आखूड होतात, त्यानेच मणक्यांमधल्या गाद्या कमी वयात कडक व्हायला लागतात. मग एखाद्या उडीचं निमित्त होतं आणि गादी सरकते. दर चार-पाच डॅशहाउंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकदा तिसऱ्या ते सातव्या वर्षात. म्हणून जिन्याला खाली आणि वर, दोन्हीकडे फाटक हवं. सुताराला सांगून गुडघ्याएवढं करून घेतलं तरी पुरतं, याची उंची ती किती!

दिवाण-सोफ्याला उतरती फळी लावा. फळी गुळगुळीत असेल तर पिल्लू एकदाच घसरेल आणि पुन्हा तिच्याकडे फिरकणार नाही, म्हणून वर जुनं सुतळीचं पोतं ताणून खिळ्यांनी ठोका. खिळ्यांची डोकी हाताने चाचपून बघा. फरशी चकचकीत असेल तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटया टाका. नुसती सतरंजी टाकली तर ती पिल्लासकट सरकते.

उचलायचं कसं, हे पिल्लू येण्याआधीच घरातल्या पोरांकडून गिरवून घ्या. टॉवेलची लांब गुंडाळी करा आणि तिच्यावर सराव करू द्या. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. काखेत हात घालून लोंबकळत उचलायचं नाही, तसं उचलणाऱ्या पाहुण्यांनाही स्पष्ट सांगायचं. पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार नंतर. गळ्यात पट्टा नावापुरता असू दे, फिरवताना दोरी छातीच्या पट्ट्याला लावा. एवढं सगळं झालं की खुशाल नावावर भांडा.

पिल्लू आणायला जाताना त्याचं वय विचारा. श्वान प्रजनन आणि विक्रीचे २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘न्या हो, दूध पितंय बशीतनं’ असं म्हणून महिन्याभराचं पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडून घेऊ नका. आई बघायला मागा, ती कशी चालते ते बघा, आई-बापाला कधी पाठीचा त्रास झाला होता का ते विचारा. ‘मिनी’ या शब्दावर जादा पैसे मोजत असाल तर आई-बापांचं वजन विचारा. मिनी साधारण पाच किलोच्या आत राहतं, नेहमीचं सात ते पंधरा किलोपर्यंत जातं. मिनी म्हणून घेतलेलं पिल्लू वर्षात आठ किलोचं झालं तर त्यात त्याचा काय दोष?

आता नाव. दोन-तीन अक्षरी, शेवटी ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ऊ’ असलेलं नाव लांबून हाक मारायला सोपं पडतं. जे शब्द रोज आज्ञा म्हणून वापरणार त्यांच्याशी नाव जुळायला नको. ‘सिट’ म्हणणार असाल तर ‘सिटू’ नको, ‘नो’ म्हणणार असाल तर ‘नोनू’ नको. आणि आज्ञा सगळ्यांनी एकाच भाषेत द्यायच्या, मुलगा ‘सिट’ आणि आजी ‘बस खाली’ म्हणाली तर ते दोघांकडे बघत उभंच राहतं. नाव घेऊन कधी रागवायचं नाही, नाहीतर हाक मारली की ते पलंगाखाली जाऊन बसेल. गल्लीचाही विचार करा. सांगलीच्या गावभागात ‘बाळू, इकडं ये’ म्हणून ओरडलात तर तीन खिडक्या उघडतील आणि त्यातली एक कायमची बंद होईल. गुळगुळीत केसांचं तांबूस पिल्लू अगदी हळकुंडासारखं दिसतं, त्यामुळे हळदीच्या सांगलीत ‘हळकू’ शोभतं, माझं मत त्यालाच. ‘बेदाणा’सुद्धा चालेल, पण नावापुरताच.

कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. नेमके किती दाणे खाल्ल्यावर बाधतील याचा भरवसा नसतो. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं थोड्यातच आजारी पडतं. बेदाण्याचं तासगाव इतकं जवळ असल्यावर आपल्या घरात बेदाणा कुठेकुठे असतो याची एकदा फेरी मारून यादी करा: शिरा, प्रसादाची वाटी, पोरांच्या दप्तरातली पुडी, पाहुण्यांनी आणलेला आणि अजून न उघडलेला खोका. सगळं कट्ट्याच्या वर हलवा. खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट बघत बसू नका, तडक डॉक्टर. कांदा-लसूणही वाईट, आणि आपल्या भडंगात तळलेला लसूण असतोच. चॉकलेट नको. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे पडतात.

खाण्यातला खरा धोका मात्र लाडाचा आहे. लांब पाठीवर एक किलो जादा म्हणजे गाद्यांवर रोजचा ताण. एकजण बिस्कीट देतो, दुसरी तुपाची पोळी, तिसरा अंड्याचा तुकडा, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एवढंसंच दिलं. सकाळी दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढा आणि ज्याला द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यावं असा नियम करा. डबा रिकामा झाला की लाड संपले. चौथ्या महिन्यापर्यंत तीन-चार वेळा खायला घाला, सहा महिन्यांनंतर दोनदा पुरे. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागल्या पाहिजेत.

लसीकरणाची वही पिल्लासोबतच घ्या. सहा ते आठ आठवड्यांत पहिला डोस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या तारखांना. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही. पण कोंडूनही ठेवायचं नाही, चौदा आठवड्यांपर्यंत जे बघेल-ऐकेल त्याची भीती पुढे कमी राहते. कडेवर घेऊन मारुती चौकातून फिरवून आणा, रिक्षाचे हॉर्न आणि लांबून ढोलही ऐकू द्या.

शी-शूचं शिक्षण डॅशहाउंडला सावकाश लागतं, पावसात तर ते दारातूनच मागे फिरतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की दरवेळी त्याच जागी न्या, जागेवर केलं की लगेच शाबासकी. आवाज अंगाच्या मानाने दुप्पट असतो, शेजाऱ्यांना आधी एक पेढा देऊन ठेवा.

उकरणं त्याच्या रक्तात आहे. परसात घुशीचं बीळ असेल तर ते पिल्लू येण्याआधी बुजवा, कारण घुशीमागे सापही येतो, आणि हे नाक आत घालणारच. ऊस जवळ असेल तर जास्तच. नाग, घोणस चावल्यावर कुठल्या डॉक्टरकडे सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) मिळतं ते आजच फोन करून विचारा. रानातून आल्यावर कानात कुसळ आणि काखेत गोचीड बघायची.

डॉक्टरांच्या नंबराखाली ही लक्षणं लिहून भिंतीला चिकटवा: उचलताना केकाटणं, पाठ कमानीसारखी धरणं, मागचे पाय लटपटणं किंवा ओढत नेणं. यातलं काही दिसलं तर मालीश नाही, माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही. फळीवर किंवा छोट्या टोपलीत हलू न देता झोपवून त्याच दिवशी न्यायचं. मागचे पाय पूर्ण गेले असतील तर तासांचा हिशेब असतो, शस्त्रक्रिया लागू शकते. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे पुणे आहे. रात्री गाडी कोण काढणार हेही ठरवून ठेवा.

शेवटी पावसाळा. २००५, २०१९, २०२१ चे कृष्णेचे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. गुडघाभर पाणी आपल्याला, त्याला ते डोक्यावरून. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची लस पावसाआधी झालेली असावी. एका बंद पेटीत चार दिवसांचं कोरडं खाणं, चालू औषधं, प्लॅस्टिकमध्ये लसीची वही, जादा पट्टा आणि जुनी चादर ठेवा. सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी मोजतात, तिथे इशारा चाळीस फुटांवर आणि धोका पंचेचाळीसवर असतो. चाळीस झालं की पिल्लाची टोपली दाराशी आणा. आणि ज्या पाहुण्यांकडे जायचं ठरलंय त्यांना कुत्रं चालतं का, हे मे महिन्यातच विचारून घ्या, म्हणजे नाही म्हणाले तरी दुसरं घर शोधायला वेळ राहतो.